धोंडप्पाच्या बारा चिठ्ठ्या

रेणापूरच्या आमच्या धर्मार्थ नेत्र दवाखान्याच्या दारात धोंडप्पा एकतीस वर्षे उभा आहे. उभा म्हणजे खरोखरच उभा. त्याला एक स्टूल दिलेले आहे, पण त्यावर तो पेशंटला बसवतो. कपाळाला भस्म, अंगात खाकी शर्ट, आणि आलेल्या माणसापुढे पसरलेला उजवा हात. नवख्याला वाटावे हा भीक मागतोय. तो चिठ्ठी मागत असे. आणि ती मागायला त्याला मी लावले होते, म्हणून त्याची गोष्ट सांगायची तर सुरुवात माझ्या शहाणपणापासून करावी लागते.

मी नांदेडच्या एका कॉलेजात तीस वर्षे इतिहास शिकवला. माझा लाडका पेपर अठराव्या शतकातल्या इंग्लंडचा. त्या काळी लंडनमधले धनवान लोक एकत्र येऊन दरसाल वर्गणी काढत आणि गरिबांसाठी इस्पितळे, टाकून दिलेल्या लेकरांसाठी आश्रम, कामगारांच्या मुलांसाठी शाळा चालवत. इस्पितळांचा नियम मोठा मजेशीर होता. वर्गणीदाराला आपल्या सहीची चिठ्ठी देऊन रोगी पाठवण्याचा हक्क असे. चिठ्ठी नसेल तर खाट नाही. बरा झालेल्या रोग्याने व्यवस्थापकांसमोर येऊन आभार मानायचे, आणि जो मानणार नाही त्याला पुन्हा दार बंद. दान लायक गरिबालाच मिळावे, लबाडाला नको, असा त्यामागचा विचार. हे शिकवताना पोरे जांभया देत आणि मी रंगात येई.

१९९४ साली लातूरच्या अडत बाजारातले एक शेठजी गाडी घेऊन नांदेडला माझ्या घरी आले. आईच्या नावाने रेणापुरात डोळ्यांचा दवाखाना काढत होते. म्हणाले, "सर, तुमी विलायतेचं शिकवता म्हनं. तिकडं असले दवाखाने कशे चालायचे, जरा लिहून द्या की." मी रेणापूरचाच, त्यातून गाडी दारात आलेली. मी फुगलो आणि दोन दिवसांत अकरा कलमांची नियमावली लिहून दिली.

दवाखान्याला एकवीस दाते. प्रत्येकाला गुढीपाडव्याला बारा गुलाबी चिठ्ठ्या मिळणार. दात्याने सही करून ज्याला चिठ्ठी दिली त्याचीच तपासणी आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया फुकट. पट्टी निघाली की पेशंटला एक हिरवा कागद द्यायचा. तो घेऊन त्याने दात्याच्या घरी जायचे, "मी बरा झालो" असे सांगायचे, कागदावर सही आणायची, मगच त्याला चष्मा मिळणार. हे चष्म्याचे कलम माझे स्वतःचे. लंडनवाल्यांनाही ते सुचले नव्हते.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, नाहीतर मी साळसूद ठरेन. मी स्वतः नांदेडच्या वसतिगृहात शिरलो तो एका पुढाऱ्याची चिठ्ठी घेऊन. त्या चिठ्ठीसाठी माझे वडील त्याच्या ओसरीबाहेर दोन दिवस उन्हात बसले होते. पाणीसुद्धा त्यांनी शेजारच्या बोअरवर जाऊन प्यायले. हे मी विसरलो नव्हतो. पण हातात पेन आल्यावर माणूस कुठल्या बाजूला जाऊन बसतो, ते त्याचे त्यालाच कळत नाही.

धोंडप्पा तेव्हा पंचविशीचा होता. सातवी पास, घरी थोडी कोरडवाहू. नियमांच्या बाबतीत मात्र तो माझा सगळ्यात हुशार विद्यार्थी निघाला. अकरा कलमे त्याने पाठ केली. आलेली चिठ्ठी वाचायची, दाराशेजारच्या जाड तारेला टोचायची, संध्याकाळी तारेवरच्या सगळ्या चिठ्ठ्या काढून फाडायच्या. एकदा त्याची सख्खी मावशी चिठ्ठीविना आली, तर तिलाही त्याने परत पाठवले. मावशी दोन वर्षे त्याच्याशी बोलली नाही. हे ऐकून मला, लाज वाटते सांगायला, फार समाधान वाटले होते.

अशी वीस वर्षे गेली. मग नागुबाई आली.

नागुबाई जवळच्याच एका खेड्यातली, सत्तरीची, एकटी. ती गुरुवारी आली, कारण लातूरहून डॉक्टर गुरुवारीच येत. डोळे दुखत होते, दिव्याभोवती रंगीत कडी दिसत होती. चिठ्ठी नव्हती. धोंडप्पाने तिला तीन दात्यांची घरे सांगितली. एक तिरुपतीला गेला होता. दुसऱ्याच्या चिठ्ठ्या संपल्या होत्या. तिसऱ्याने मागच्या पंचायतीला तुमच्या गल्लीने कुणाला मत दिले ते विचारले. म्हातारी चार वेळा येऊन दारातून परत गेली. पाचव्यांदा चिठ्ठी घेऊन आली तेव्हा तिला बोट धरून आणावे लागले. काचबिंदू होता. डॉक्टर म्हणाले, "तीन महिने आधी आणायचं की हो. आता काही होत नाही." धोंडप्पा शेजारीच उभा होता. चिठ्ठी त्याने नियमाप्रमाणे तारेला टोचली.

त्याच वर्षी व्यंकटराव वारले. व्यंकटराव म्हणजे चौकातल्या लिंबाच्या झाडाखालच्या घरातले, एकवीस दात्यांतले एक. साधा माणूस. पाडव्याला चिठ्ठ्या आल्या की बाराच्या बारांवर एकदम सह्या करून ठेवायचे, ऐन वेळी चष्मा सापडत नाही म्हणून. ते गेल्यावर धोंडप्पा सांत्वनाला गेला, तेव्हा त्यांच्या पत्नी तुळजाबाई यांनी पेटीतून त्या वर्षीच्या बाराही चिठ्ठ्यांचे पाकीट काढून त्याच्या हातात दिले. "ह्या चिठ्ठ्या दवाखान्यात परत दे बाबा. आता कोन वाटनार?"

धोंडप्पाने त्या परत दिल्या नाहीत.

पुढच्या गुरुवारपासून त्याची एक पद्धत सुरू झाली. चिठ्ठी नसलेला पेशंट आला की धोंडप्पा शर्टाच्या खिशातून व्यंकटरावांच्या सहीची एक चिठ्ठी काढायचा आणि त्याच्या हातात द्यायचा. मग स्वतः दोन पावले मागे सरून, उंबऱ्याच्या आत उभा राहून हात पसरायचा आणि म्हणायचा, "चिठ्ठी?" पेशंट बावचळून तीच चिठ्ठी त्याला परत द्यायचा. धोंडप्पा ती नीट वाचायचा, तारेला टोचायचा, नाव लिहून माणसाला आत सोडायचा. संध्याकाळी बाकीच्या चिठ्ठ्या फाडल्या जात. व्यंकटरावांच्या चिठ्ठ्या मात्र तारेवरून उतरून पुन्हा खिशात जात. नियमात चिठ्ठी आणावी असे आहे, ती कुठून आणावी असे नाही, असे त्याचे म्हणणे. ही पळवाट नियम लिहिणाऱ्याला वीस वर्षे दिसली नाही.

मला यातले काहीच माहीत नव्हते. सात वर्षांपूर्वी निवृत्त होऊन मी रेणापूरला आलो. संध्याकाळी स्टँडजवळच्या हॉटेलात धोंडप्पा आणि मी चहाला बसू लागलो. तो मला लंडनबद्दल विचारायचा, आणि जन्मभर जांभया देणाऱ्या पोरांना शिकवत आलेल्या माणसाला असा श्रोता मिळणे म्हणजे काय, ते मास्तरलाच कळेल.

एकदा म्हणाला, "सर, तिकडं ज्याला चिठ्ठी मिळत नसंल त्याचं काय व्हायचं हो?"

"काय होणार? मरत असेल."

"मंग?"

"मग पुढे एका तरुण डॉक्टरने पाहिलं, एक पोरगी चिठ्ठी नाही म्हणून दारातून परतली आणि रस्त्यात पडून मरायला टेकली. त्याने वेगळा दवाखाना काढला. गरीब आहेस आणि आजारी आहेस, एवढं पुरे. चिठ्ठी नको."

धोंडप्पाने बशीतला चहा संपवला. "मंग ते तुमी आपल्या नियमात का न्हाई घातलं?"

"ते एकोणिसाव्या शतकात येतं," मी म्हणालो. "माझा पेपर अठराव्याचा."

आणि लगेच दुसरा विषय काढला. आज ते उत्तर आठवले की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

गाडी अडली ती कॉम्प्युटरपाशी. थोरले शेठजी गेल्यावर त्यांचा नातू सत्यम कारभार बघू लागला. पुण्यात शिकलेला, कामाला चोख, बोलायला तुटक. त्याने दाराशी कॉम्प्युटर बसवला आणि प्रत्येक पेशंटपुढे दात्याचे नाव भरायला लावले. आता धोंडप्पाला सहज कुठल्याही हयात दात्याचे नाव सांगता आले असते. वाटून टाकली असती नावे तर कुणाला कळलेही नसते. पण खोटे नाव कसे सांगायचे? चिठ्ठीवर सही ज्याची, नाव त्याचे. मेलेल्या माणसाच्या चिठ्ठीवर अकरा वर्षे पेशंट घेणारा हा गृहस्थ चार वर्षे दर गुरुवारी कॉम्प्युटरवर बसणाऱ्या मुलीला खणखणीत आवाजात सांगत होता, "लिही, व्यंकटराव." आणि ती लिहीत होती.

गेल्या जानेवारीत दवाखान्याचा वर्धापनदिन आला. सत्यमने ठरवले की सर्वाधिक रुग्ण पाठवणाऱ्या दात्याचा सत्कार करायचा. कॉम्प्युटरने नाव काढून दिले. चार वर्षांत तीनशे अकरा रुग्ण, व्यंकटराव. पत्रिका छापल्या, एक लिंबाखालच्या घरी गेली. जुन्या विश्वस्तांनी पत्रिका उघडून पाहिली असती तर बरे झाले असते, पण आपल्याकडे पत्रिका फ्रिजवर ठेवायची असते.

मंडपात शे-दीडशे माणसे होती. मी मंचावर, गळ्यात हार. धोंडप्पा पाण्याच्या ग्लासांचा ट्रे घेऊन खाली फिरत होता. सत्यमने माइकवर नाव पुकारले आणि म्हणाला, "व्यंकटरावांनी मंचावर यावं, अशी मी त्यांना विनंती करतो."

मागून कुणीतरी फसकन हसले. माझ्या शेजारचा विश्वस्त सत्यमच्या कानाला लागला. सत्यमचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. मी खाली बघितले तर धोंडप्पा ट्रे धरून जागच्या जागी उभा होता आणि ट्रेमधले ग्लास एकमेकांवर वाजत होते.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून तुळजाबाई उठल्या. ऐंशीच्या घरातली बाई, काठी टेकत पायऱ्या चढून वर आली, शाल घेतली, नारळ घेतला आणि सत्यमला म्हणाली, "बाकीचं आत बसून बोलू, बाळा. लोकं बघायलेत."

आत ऑफिसात आम्ही सहा-सात जण बसलो. धोंडप्पा दाराशी. कुणी विचारण्याआधीच त्याने सगळे कबूल केले. सत्यम आवाज न चढवता म्हणाला, "मामा, अकरा वर्षं तुम्ही संस्थेला फसवलं. आजोबांच्या दवाखान्याचं गावात हसं झालं. तुम्हाला उद्यापासून कामावर ठेवता येणार नाही."

धोंडप्पाची नोकरी दीड वर्ष उरली होती. घरात बायको आजारी. पण तो नोकरीबद्दल एक शब्द बोलला नाही. एवढेच म्हणाला, "मला काढा, भैय्या. पर पुढच्या गुरुवारी सात मानसं यायलीत. त्यांच्याकडं चिठ्ठ्या न्हाईत. त्यांना कोन आत घेनार, तेवढं सांगा."

"पण का केलंत हे?"

"नागुबाई," तो म्हणाला आणि मग त्याने पाचही गुरुवार सांगितले. एकेक, तारखेसकट. "चिठ्ठी मागायला हात म्या पसरला होता. तिचे डोळे गेले ते ह्या हातानं गेले, असं मला वाटतं."

हात त्याचा होता, कलम माझे होते.

सत्यम तुळजाबाईंकडे वळला. "आजी, हिरव्या कागदांवर सह्या तुमच्या आहेत. तुम्हाला माहीत होतं?"

"हाव. मालकाच्या बारा चिठ्ठ्या म्या ह्याच्या हाती दिल्या. बारा मानसं येऊन गेली, 'बरं झालं' म्हनून गेली. तेरावा आला तवाच कळलं मला."

"मग सांगितलं का नाही?"

"कोनाला सांगू? आन कशाला?" त्यांनी शाल मांडीवर नीट केली. "दोन लेकं माझे, एक हैदराबादला, एक पुन्याला. घरात दिवसभर भिंतीशी बोलायचं. पर गुरुवार-शुक्रवारी कोनीतरी दारात येऊन म्हनायचं, आई, दिसायलंय. कोनी चार कनसं आनायचं, कोनी तुरीच्या शेंगा. मालक गेल्यावर माझ्या दारात मानूस आला तो ह्या धोंडप्पामुळं. ते म्या बंद करू व्हय?"

सत्यमने चिठ्ठ्या मागितल्या. धोंडप्पाने खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. बारापैकी सात उरल्या होत्या. बाकीच्यांचे, तो म्हणाला, तुकडे झाले. सत्यमने एक चिठ्ठी खिडकीच्या उजेडात धरली. तारेने तिची चाळणी झाली होती. गुलाबी रंग उडाला होता, घड्यांवर चिकटपट्टी, आणि एका कोपऱ्यात व्यंकटरावांची सही तेवढी शाबूत. धोंडप्पा सही सांभाळून टोचत असे. सत्यम भोके मोजू लागला, निम्म्यातच थांबला आणि चिठ्ठी त्याने टेबलावर अलगद ठेवली.

मी उठलो. म्हणालो, "सत्यम, काढायचंच असेल तर दारावरच्या नियमांच्या पाटीवरून माझं नाव काढ. नियम मी लिहिला. अडीचशे वर्षांपूर्वीच्या लंडनमधून उचलून आणला, आणि ज्या पानावर तो नियम चुकीचा ठरला ते पान तुझ्या आजोबांना दाखवलंच नाही. धोंडप्पाने तेवढं पान उलटलं. मला त्या पानावर यायला एकतीस वर्षं लागली."

लगेच सगळे विरघळले असे झाले नाही. एक दाता तणतणत म्हणाला की मग आमच्या सहीला किंमत काय. दुसरा दुकानात गर्दी असल्याचे सांगून उठून गेला. दोन तास वाद झाला, तीनदा चहा आला. शेवटी सत्यमने ठरवले की वर्षभर चिठ्ठीविना चालवून बघायचे. दात्यांची नावे भिंतीवर राहतील, चिठ्ठ्या छापायच्या नाहीत, हिरवा कागद बंद. धोंडप्पाला तो म्हणाला, "मामा, गुरुवारी वेळेवर या." दोन दात्यांनी नाव काढून घेतले. नवीन तीन आले, त्यांतले दोघे व्यंकटरावांच्या चिठ्ठीवर डोळे बरे झालेले शेतकरी.

मी खूश होतो. नवी नियमावली मीच लिहिली, एका पानाची. घरी येऊन निवांत झोपलो. लिंबाखालच्या घराचे काय होणार, हे माझ्या डोक्यातही आले नाही. हिरवा कागद गेला म्हणजे तुळजाबाईंच्या दारात येणारी माणसेही गेली. मी दुसऱ्यांदा नियम लिहिला आणि दुसऱ्यांदा माणूस विसरलो.

ऑगस्टमध्ये माझ्याच उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. तिथेच, रांगेत बसून, धोंडप्पाच्या स्टुलावर. नंतर एका गुरुवारी चष्मा घ्यायला गेलो. धोंडप्पाने डबी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "सर, असं घरी न्हाई जायचं. चष्म्याची परीक्षा असती."

"कसली परीक्षा? हा नियम कुणी काढला?"

"म्या काढला. कागदावर न्हाई. चौकात लिंबाखाली एक म्हातारी बसती. तिच्याकडं जायचं आन काय काय दिसतं ते तिला सांगून यायचं. नंबर चुकला असंल तर तिथं कळतं. समदे जायलेत फेब्रुवारीपासून."

मी चष्मा लावून निघालो. चौकात पोचलो तेव्हा माझ्या आधी एक जोडपे ओट्यावरून उतरत होते. बाई पदराने नवा चष्मा पुसत होती. तुळजाबाईंच्या शेजारी परातीत कुणीतरी आणलेली मक्याची कणसे होती. त्यांनी मला ओळखले आणि समोरच्या पायरीवर बसायला सांगितले.

"काय दिसायलंय, सर?"

आयुष्यभर मी व्याख्याने दिली, पण अशी परीक्षा कधी दिली नव्हती. वडील ज्या ओसरीबाहेर बसले होते ती आठवली. इथे मी ओसरीच्या आत होतो. मी सांगू लागलो. लिंबाची पाने सुटी सुटी दिसतायत. समोरच्या दुकानाची पाटी वाचता येते. तुमच्या लुगड्याचा काठ हिरवा आहे. तुमच्या हनुवटीवर गोंदण आहे, ते मी आजवर पाहिलेच नव्हते. तुळजाबाई प्रत्येक गोष्टीला मान हलवत होत्या, परीक्षा घेणाऱ्या मास्तरसारख्या.

"आणि?" त्यांनी विचारले.

"आणि बरं झालं, आई," मी म्हणालो. "मी बरा झालो."

त्यांनी परातीतली दोन कणसे उचलून माझ्या पिशवीत टाकली. म्हणाल्या, "धोंडप्पाला सांगा, चष्मा बराबर हाय."